बॅटरी झाकणाआड कशी गेली?

मोटारसायकलची किल्ली फिरवली, बटण दाबले आणि इंजिन सुरू होण्याऐवजी नुसता 'टक्' असा आवाज आला, तर बॅटरी उतरली आहे हे आज शाळकरी मुलालाही कळते. ती बॅटरी गाडीत नेमकी कुठे बसवली आहे, हे मात्र पुष्कळदा मालकालाही सांगता येत नाही. दादर, परळ, लालबाग भागात पदपथाला लागून चालणाऱ्या एखाद्या गॅरेजसमोर थोडा वेळ उभे राहावे. रंगीत प्लास्टिकचे दोन-तीन मोठे तुकडे भिंतीला टेकवून ठेवलेले असतात. वर्तमानपत्राच्या कागदावर स्क्रू ओळीने मांडलेले असतात. कारागीर गाडीच्या सांगाड्यात हात घालून, एखाद्या डब्याएवढी छोटी बॅटरी बाहेर काढत असतो. बॅटरी बदलायला पाच मिनिटे लागतात, तिच्यापर्यंत पोचायला मात्र अर्धा तास.

ज्या वस्तूवर सारी गाडी अवलंबून आहे, तीच इतकी आत का दडवली असावी? उत्पादकांना ग्राहकाची पर्वा नाही, असे म्हणून हा प्रश्न सोडून देता येईल. परंतु आम्हाला हे उत्तर पुरेसे वाटत नाही. बॅटरी झाकणाआड जाण्यामागे शिशाचे रसायनशास्त्र आहे, वाऱ्याचे भौतिकशास्त्र आहे आणि शर्यतींचा इतिहासही आहे. या लेखात आपण तो क्रमाने पाहू.

शिशाच्या पट्ट्या

शिसे आणि सल्फ्युरिक आम्ल यांचा पुन्हा पुन्हा भारित करता येणारा विद्युतघट फ्रान्समधील गॅस्टन प्लान्ते यांनी १८५९ मध्ये तयार केला. शिशाचे दोन पत्रे, मध्ये कापडाची पट्टी, सगळ्यांची मिळून गुंडाळी आणि ती विरल आम्लात बुडवलेली, अशी त्याची रचना होती. पत्र्यांना वीज साठवण्यायोग्य करण्यासाठी ते अनेक वेळा भारित करून रिकामे करावे लागत. त्यात फार वेळ जाई. १८८१ मध्ये कामिय फोर यांनी पत्र्यावर शिशाच्या ऑक्साइडचा लेप देण्याची युक्ती काढली. तेव्हापासून ही बॅटरी कारखान्यात मोठ्या प्रमाणावर करण्याजोगी झाली.

मुंबईच्या कामगार वस्तीत अशा बॅटऱ्या मोटारसायकलींच्या आधी रेल्वेच्या डब्यांतून आल्या. आगगाडीच्या डब्यांतील तेलाच्या आणि गॅसच्या दिव्यांची जागा विजेचे दिवे घेऊ लागले, तेव्हा गाडी थांबल्यावर वीज कोठून आणायची हा प्रश्न होता. इंग्लंडमधील स्टोन कंपनीने १८९० च्या दशकात त्यावर उपाय काढला. डब्याच्या आसाला पट्ट्याने जोडलेला डायनामो गाडी धावताना वीज निर्माण करी आणि जादा वीज बॅटरीत साठे. गाडी फलाटावर उभी राहिली की तीच साठलेली वीज दिव्यांना मिळे. आपल्या रेल्वेच्या डब्यांतही ही पद्धत पुष्कळ वर्षे चालली. बॅटऱ्या डब्याच्या तळाला टांगलेल्या पेटीत असत आणि पेटीचे दार बाहेरच्या बाजूला उघडे. लोअर परळच्या कारखान्यात डबा आला, की कारागिराला रुळांच्या कडेला उभे राहूनच बॅटरी तपासता येई. डब्याच्या आतील एकही फळी काढावी लागत नसे.

या साध्या पेटीत एक तत्त्व आहे. जी वस्तू वारंवार तपासावी लागते, ती हाताशी असावी. परळ-लालबागच्या गिरण्यांना हे तत्त्व कायद्यानेच शिकवले होते. यंत्राचे धोकादायक फिरते भाग झाकलेले असावेत, ही अपेक्षा १८८१ च्या कारखाना कायद्यापासून आहे. १९४८ च्या कायद्याच्या २१ व्या कलमात ती सविस्तर आली. दात्यांची चक्रे झाकायची, पण तेल घालण्यासाठी व दुरुस्तीसाठी ते झाकण काढता आले पाहिजे, अशी ही दुहेरी गरज होती. म्हणजे झाकण ही काही नवी वस्तू नव्हे. ते कोणासाठी घातले आहे आणि कोणाला उघडता येते, एवढेच पाहायचे असते.

बॅटरीवाचून चालणारी दुचाकी

अगदी आरंभीच्या मोटारसायकलींपैकी अनेकांत ठिणगीसाठी बॅटरी आणि वेटोळे वापरत. बॅटरी उतरली की वाहन थांबे, आणि ती वाटेत भारित करण्याची सोय नसे. १९०२ मध्ये बॉश कंपनीत उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार झाला आणि ही अडचण दूर झाली. मॅग्नेटो म्हणजे कायम चुंबक व वेटोळे यांचे छोटे जनित्र. इंजिन फिरले की ते फिरते आणि ठिणगी देते. पुढे कित्येक वर्षे मोटारसायकलला बॅटरी आवश्यक नव्हती. दिव्यासाठी कॅल्शियम कार्बाइडवर पाणी ठिबकवून निघणारा ॲसिटिलीन वायू जाळत. विजेचे दिवे आले, तेव्हा १९२० च्या दशकात डायनामो आणि त्याबरोबर बॅटरी पुन्हा दुचाकीवर बसली. मोटारीत हे आधीच घडले होते. चार्ल्स केटरिंग यांनी केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत आला आणि तेव्हापासून मोटार बॅटरीशी बांधली गेली.

आपल्याकडील मध्यमवर्गाने पाहिलेली दुचाकी म्हणजे प्रामुख्याने स्कूटर. मुंबईच्याच ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने १९५० च्या दशकात लँब्रेटा आणली. बजाजने पियाजिओच्या परवान्याने व्हेस्पा बनवली आणि १९७२ पासून चेतक. गिरगावच्या चाळींसमोर उभ्या असलेल्या अशा अनेक स्कूटरांत बॅटरी नव्हतीच. दिवा आणि भोंगा थेट मॅग्नेटोच्या प्रत्यावर्ती विजेवर चालत. म्हणून सिग्नलपाशी इंजिन मंद झाले की दिवाही मंद होई आणि वेग वाढवला की उजळे. ज्यांनी या स्कूटरी चालवल्या आहेत त्यांना हे आठवेल. विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा धडा शिकवताना याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

पाणी मागणारी बॅटरी

ज्या मोटारसायकलींत बॅटरी होती, त्यांत ती अगदी हाताशी असे. बुलेट, जावा, राजदूत यांची बॅटरी बाजूच्या पत्र्याच्या झाकणाआड असायची. एखादा स्क्रू सैल केला की झाकण हातात येई. बुलेटच्या दिव्यावरील आवरणात तर ॲमीटरही होता. बॅटरीत वीज जात आहे की तिच्यातून बाहेर पडत आहे, हे काटा पाहून चालवणाऱ्याला कळे.

ही सोय रसायनशास्त्राच्या सक्तीने केलेली होती. बॅटरीच्या धन पट्टीवर लेड डायऑक्साइड असतो, ऋण पट्टीवर स्पंजासारखे सच्छिद्र शिसे, आणि मध्ये विरल सल्फ्युरिक आम्ल. वीज बाहेर पडताना दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट तयार होते व आम्ल खर्ची पडते. भारित करताना ही क्रिया उलटते. परंतु बॅटरी भरत आल्यावरही प्रवाह चालू राहिला, तर त्याला दुसरे काम उरत नाही आणि तो पाण्याचे अपघटन करू लागतो. हायड्रोजन व ऑक्सिजन बुडबुड्यांच्या रूपाने निघून जातात. आम्ल आत राहते, पाणी कमी होते. शिशाच्या जाळीला बळकटी यावी म्हणून त्यात अँटिमनी मिसळत. हा अँटिमनी ऋण पट्टीवर पोचून हायड्रोजन सुटणे अधिकच सोपे करी.

याचा परिणाम म्हणजे दर काही आठवड्यांनी बुचे उघडून डिस्टिल्ड वॉटर घालावे लागे. मुंबईच्या मे महिन्यात हे विशेष जपावे लागे, कारण तापमान वाढले की या साऱ्या क्रिया जलद होतात. पट्ट्या उघड्या पडल्या की त्या निकामी होत. नळाचे पाणी चालत नसे, कारण त्यातील क्षार पट्ट्यांना अपाय करतात. गॅरेजमधील कारागीर काचेच्या नळीतील तरंगत्या हायड्रोमीटरने आम्लाची घनता पाही. १.२८ च्या आसपास म्हणजे भरलेली, १.१२ च्या आसपास म्हणजे रिकामी. म्हणजे रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतील एक उपकरण रस्त्यावर रोज वापरात होते आणि ते वापरणाऱ्याला त्याचा अर्थ ठाऊक होता.

अशा बॅटरीवर कोणीही आठ स्क्रूंचे झाकण घालणार नाही. शिवाय सुटणारा हायड्रोजन कोंडून चालत नाही. हवेत त्याचे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवर गेले की ठिणगीने तो पेट घेऊ शकतो.

वाऱ्यासाठी घातलेले कवच

आता झाकणाची बाजू पाहू. मोटारसायकलच्या या कवचाला फेअरिंग म्हणतात. वाहनाला हवेचा होणारा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो मोडून काढायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. वेग दुप्पट केला तर रोध चौपट आणि लागणारी शक्ती आठपट. शर्यतीत इंजिनाची शक्ती वाढवण्यापेक्षा वाऱ्याला वाट करून देणे कधी कधी स्वस्त पडते. इटलीतील मोटो गुझ्झी कंपनीने १९५० च्या सुमारास स्वतःचा वातबोगदा उभारला, तो यासाठीच. त्या दशकातील शर्यतीच्या गाड्या पुढच्या चाकासकट झाकलेल्या असत. परंतु आडवा वारा लागला की हे कवच शिडासारखे वागे आणि गाडी भरकटे. म्हणून १९५७ च्या हंगामानंतर पुढचे चाक झाकणाऱ्या कवचांवर आंतरराष्ट्रीय महासंघाने बंदी घातली. १९७६ मध्ये बीएमडब्ल्यूने वातबोगद्यात घडवलेले पूर्ण कवच एका नेहमीच्या विक्रीच्या मोटारसायकलवर बसवले आणि १९८० च्या दशकात जपानी कंपन्यांनी शर्यतीचे रूप रस्त्यावर आणले.

झाकण्याचा आणखी एक उगम आहे. १९४६ ची व्हेस्पा कोर्रादिनो दास्कानियो या विमान अभियंत्याने आखली. इंजिन पत्र्याखाली ठेवायचे, म्हणजे बसणाऱ्याच्या कपड्यांना तेल लागणार नाही, हा त्यामागचा विचार होता. येथे झाकण वाऱ्यासाठी नव्हे, कपड्यांसाठी होते. म्हणून ते सहज उघडे.

भारतात २००३ मध्ये करिझ्मा अर्ध्या कवचासह आली आणि २००८ मध्ये यामाहाची आर१५ पूर्ण कवचासह. हिंदमाता ते लालबाग या वाटेवर दुपारी गाडी किती वेगाने जाऊ शकते, हे वाचकांना ठाऊक आहे. ताशी ३० किलोमीटरला फेअरिंगचा उपयोग नगण्य. येथे ते मुख्यतः रूपासाठी आहे. रूपाला आमचा आक्षेप नाही, पण त्याची किंमत दुरुस्तीच्या वेळी मोजावी लागते, एवढे लक्षात ठेवावे.

बॅटरीची बुचे गेली

तरीही बॅटरीने पाणी मागणे सोडले नसते, तर ती कवचाखाली गेली नसती. हा बदल तीन पायऱ्यांनी झाला. जाळीत अँटिमनीऐवजी कॅल्शियम वापरले तर पाणी कमी जाते, हे १९३० च्या दशकात अमेरिकेत टेलिफोन केंद्रांच्या बॅटऱ्यांवर काम करताना दिसून आले. १९५७ च्या सुमारास जर्मनीत आम्लाचा जेलीसारखा गोळा करून बॅटरी बंद करण्यात यश आले. १९७० च्या दशकात अमेरिकेत काचेच्या बारीक तंतूंच्या गादीत आम्ल शोषून ठेवण्याची पद्धत निघाली.

यातील मर्म असे आहे. गादी पूर्ण भिजलेली नसते, तिच्यात सूक्ष्म पोकळ्या राहतात. भारित होताना धन पट्टीवर सुटलेला ऑक्सिजन या पोकळ्यांतून ऋण पट्टीपर्यंत पोचतो, तेथील शिशाशी संयोग पावतो आणि अखेरीस त्याचे पुन्हा पाणी होते. ऋण पट्टीवर हायड्रोजन सुटण्याची वेळच सहसा येत नाही. पाणी आतल्या आत फिरत राहते. दाब फार वाढला तरच उघडणारी एक छोटी झडप असते. अशी बॅटरी किंचित कलती ठेवली तरी सांडत नाही आणि पाणी घालावे लागत नाही.

आता अभियंत्याला मोकळीक मिळाली. बॅटरी आसनाखाली, टाकीखाली, पाय ठेवण्याच्या फळीखाली किंवा पुढच्या कवचात, जिथे जागा उरेल तिथे बसवता येऊ लागली. तीन वर्षांत एकदाच जिच्याकडे जायचे, तिच्यासाठी दार कशाला ठेवायचे?

मात्र याच काळात गाडीचे बॅटरीवरचे अवलंबन वाढत गेले. १९८० च्या दशकाच्या मध्याला आलेल्या कायनेटिक होंडाने बटणाने सुरू होणारी स्कूटर घरोघर नेली. पुढे अनेक गाड्यांची किक गेली. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर सतत पेटता राहू लागला. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या प्रदूषण नियमांमुळे बहुतेक दुचाकींत कार्ब्युरेटर जाऊन विजेवर चालणारा इंधनपंप व इंजेक्शन आले. म्हणजे बॅटरी जितकी आवश्यक झाली, तितकीच ती नजरेआड गेली.

झाकण काढण्याचे शास्त्र

कवच काढणे हे जोराचे काम नव्हे. प्रत्येक पॅनेल तीन प्रकारांनी धरलेले असते. दिसणारे स्क्रू वा षट्कोनी खाचेचे बोल्ट, मधली खुंटी दाबून सुटणारी प्लास्टिकची रिव्हेट, आणि आतल्या बाजूला रबराच्या कड्यात रुतलेले खुंट किंवा दुसऱ्या पॅनेलच्या खाचेत अडकलेली जीभ. पहिले दोन काढल्यावरही पॅनेल हलत नाही, तेव्हा लोक ओढतात आणि जीभ तुटते. पॅनेल आधी जिभेच्या दिशेत सरकवायचे आणि मग उचलायचे असते. ही पॅनेले बहुधा एबीएस प्लास्टिकची असतात. वर्षानुवर्षे ऊन खाल्ले की ती ठिसूळ होतात. चौपाटीजवळच्या खाऱ्या हवेत स्क्रू गंजून जाम होतात. मग स्क्रू-ड्रायव्हर घसरून खाच झिजते. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर आतील तार किंवा भाग भोसकला जातो. म्हणून कारागीर ते काढल्या क्रमाने कागदावर मांडतो. ऑपेरा हाउसजवळच्या सुट्या भागांच्या दुकानांत बॅटरी तात्काळ मिळेल, पण तुटलेल्या जिभेसाठी अख्खे पॅनेल घ्यावे लागते.

बॅटरी दिसल्यावर कोणती तार आधी सोडवायची? आज सगळे सांगतात, ऋण तार आधी. कारण समजले नाही तर हा नियम नुसता पाठ होतो. ऋण टोक गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेले असते. धन टोक आधी सोडवताना पान्याचे दुसरे टोक सांगाड्याला टेकले, तर बॅटरी पान्यातून लघुमंडलित होते. बॅटरीचा अंतर्गत रोध ०.०२ ओहम धरला, तर ओहमच्या नियमाने १२ भागिले ०.०२, म्हणजे ६०० अँपिअर प्रवाह येतो. १२ व्होल्टचा धक्का बसत नाही, पण पाना लालबुंद होऊ शकतो. ऋण तार आधी सोडवली की सांगाडा मंडलाबाहेर जातो. जोडताना क्रम उलटा, ऋण तार शेवटी.

जुन्या अनेक ब्रिटिश मोटारसायकलींत धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. त्या गाडीवर आजचा पाठ केलेला नियम नेमका उलटा पडतो. खरा नियम असा की सांगाड्याला जोडलेली तार आधी सोडवावी.

शिसे कुठे जाते?

बॅटरीच्या वजनात निम्म्याहून अधिक शिसे असते. ते वितळवून पुन्हा वापरता येते, ही चांगली गोष्ट. पण वस्तीत, उघड्यावर वितळवले तर त्याची धूळ मुलांच्या शरीरात जाते आणि मेंदूच्या वाढीला इजा करते. शिशाची सुरक्षित पातळी कोणतीही ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतात २००१ च्या नियमांनी जुनी बॅटरी परत घेणे विक्रेत्यावर बंधनकारक केले आणि २०२२ च्या नियमांनी उत्पादकाची जबाबदारी वाढवली. जी बॅटरी सहज निघते, ती योग्य ठिकाणी पोचण्याचा संभवही अधिक असतो.

हात पोचण्याचा हा प्रश्न आता कायद्यातही आला आहे. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमांनुसार, फेब्रुवारी २०२७ पासून हातात धरता येणाऱ्या उपकरणांतील बॅटरी वापरणाऱ्याला काढता आली पाहिजे आणि विजेच्या सायकलींसारख्या हलक्या वाहनांतील बॅटरी स्वतंत्र कारागिराला. आपल्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी जे संकेतस्थळ सुरू केले, त्यात वाहनांचाही समावेश आहे. परळच्या पदपथावरील कारागिराला गाडीची रचना-पुस्तिका मिळते की नाही, हा त्याच्या पोटाचा प्रश्न आहे.

वर्गासाठी एक सूचना. वापरात असलेल्या दुचाकीची बॅटरी शिक्षकांनी स्वतः उघड्यावर काढून दाखवावी. हातातील अंगठी व घड्याळ आधी उतरवावे. व्होल्टमापकाने स्थिर स्थितीतील दाब मोजावा. ६ घटांचे मिळून सुमारे १२.६ व्होल्ट भरले तर बॅटरी भरलेली. मग ती जोडून बटण दाबताना दाब किती खाली येतो ते मुलांना नोंदवू द्यावे. १० व्होल्टच्या खाली गेला तर बॅटरी थकली आहे. दाब का उतरतो, याचे उत्तर अंतर्गत रोधात आहे आणि ते मुलांनी स्वतः काढावे. त्याआधी प्रत्येक स्क्रू कुठून निघाला याचे चित्र त्यांना काढायला सांगावे. पॅनेल परत बसवताना तेच चित्र उपयोगी पडेल.